भेरूघाटात मोतीला काय होतं आणि रॉकेटमधल्या मांजरीला काय झालं

इंदूरमधल्या टिळकनगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाट लागला की त्यांचा कुत्रा मोती जांभया देऊ लागतो, ओठ चाटतो, लाळ गाळतो, त्याची नजर हरवते, आणि घरी परतल्यावरही तासभर तो सुस्त पडून असतो. त्यांची मुलगी अकरावीत आहे. फेलिसेट नावाच्या मांजरीच्या मेंदूत तारा बसवून तिला रॉकेटने वर पाठवलं होतं, असं तिने वाचलं आणि तेव्हापासून तिने एकच धोशा लावला आहे: एवढा जोर आणि एवढे हादरे बसल्यावर मेंदूचं काय होत असेल? आणि आपल्या मोतीच्या मेंदूलाही दर खेपेला थोडी थोडी इजा होत असेल का?

ताई, मोतीचं आधी सांगतो, म्हणजे मुलीचा जीव भांड्यात पडेल. त्याच्या मेंदूला इजा होत नाही. त्याला मळमळतं, आणि ती मळमळ अगदी खरी असते. पण मळमळ होण्यामागे मेंदूत जे घडतं, त्याचं रॉकेटमधल्या मांजरीशी नातं आहे, म्हणून मुलीचा प्रश्न मला सविस्तर घ्यावासा वाटतो. मी महूला पशुवैद्यक शिकलो, नंतर तीसेक वर्षं प्राण्यांचं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. त्यातली बरीच वर्षं प्राण्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी कागदावर उतरवण्यात गेली. या विषयात काय पक्कं आहे आणि कुठे फसायला होतं, ते मला त्या कागदांनीच शिकवलं.

जोर मोजायचं माप म्हणजे 'जी'. खुर्चीत स्वस्थ बसलेल्या माणसावर १ जी असतो, पृथ्वीच्या ओढीचा. भेरूघाटातलं एखादं घट्ट वळण २० मीटर त्रिज्येचं धरा आणि गाडी ताशी ३० किलोमीटरने घ्या. मोतीला बाजूला ढकलणारा जोर जेमतेम एक तृतीयांश जी भरतो. फेलिसेटवर वर जाताना सुमारे साडेनऊ जी आला होता. १९५९ च्या मे महिन्यात अमेरिकेने ज्युपिटर क्षेपणास्त्राच्या नाकाडात बसवून पाठवलेल्या एबल आणि बेकर या माकडिणींवर तर ३८ जी आला, आणि त्या दोघी जिवंत परत आल्या. बेकर पुढे १९८४ पर्यंत जगली.

आता इथे लोक गोंधळतात. साडेचार-पाच जी मध्ये लढाऊ विमानाचा वैमानिक बेशुद्ध पडू शकतो आणि माकडीण ३८ जी सोसते, हे कसं? तुमच्या अंगणातल्या झाडावर ठकठक करणारा सोनपाठी सुतारपक्षी दर टोल्याला शेकडो जी सोसतो आणि पुन्हा किडे टिपायला लागतो, ते कसं? माझ्या वर्गात कोणी नुसता जी चा आकडा सांगितला की मी त्याला उभं करून दोन गोष्टी विचारायचो: किती वेळ, आणि कुठल्या दिशेने? या दोन्हींची उत्तरं नसतील तर तो आकडा निरुपयोगी. सुताराचा टोला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो. एवढ्यात रक्त जागचं हलतही नाही. शिवाय त्याचा मेंदू एवढासा, दोन-चार ग्रॅमचा, आणि मेंदू जितका लहान तितका आतला ताण कमी. सुताराची कवटी धक्का शोषून घेते, असं आपण पुस्तकांत वाचत आलो. २०२२ साली वेगवान चित्रफितींचं बारकाईने मोजमाप झालं तेव्हा दिसलं, की ती कवटी हातोड्यासारखी ताठ असते, ती काहीच शोषत नाही. पाखराला वाचवतो तो मेंदूचा लहान आकार.

वैमानिकाची गोष्ट उलट. तिथे जोर कित्येक सेकंद टिकतो आणि डोक्याकडून पायांकडे ओढतो. माणूस बसलेला असताना हृदय ते डोळे हे अंतर सुमारे ३० सेंटीमीटर. एवढ्या उंचीचा रक्ताचा स्तंभ वर चढवायला प्रत्येक जी मागे पाऱ्याचे २२-२३ मिलिमीटर दाब खर्ची पडतो. हृदयापाशी वरचा दाब १२० असेल तर ४ जी ला डोळ्यापाशी पंचवीस-तीस उरतो, ५ जी ला जवळजवळ काहीच नाही. हे गणित मुलीने वहीत करून बघावं, अकरावीच्या भौतिकशास्त्रात बसतं. रक्ताची घनता १.०६, पाऱ्याची १३.६, बाकी गुणाकार-भागाकार.

हेच गणित निरनिराळ्या प्राण्यांना लावलं की फार सुंदर गोष्टी दिसतात. उंदरात हृदय ते मेंदू अंतर तीन-चार सेंटीमीटर, म्हणजे दर जी मागे पाऱ्याचे दोन-तीन मिलिमीटर. १० जी आला तरी मेंदूला रक्त मिळत राहतं. जिराफ १ जी मध्येच सगळं आयुष्य काढतो, पण त्याची मान दोन मीटरची. म्हणून त्याच्या हृदयापाशी सरासरी दाब २०० च्या आसपास ठेवावा लागतो, तेव्हा कुठे डोक्यापर्यंत आपल्याइतका पोचतो. साप तर याहून बोलके. झाडावर चढणाऱ्या सापाचं हृदय डोक्याच्या जवळ असतं आणि शेपटीकडची कातडी घट्ट असते. समुद्री सापाचं हृदय अंगाच्या मध्याकडे सरकलेलं. समुद्री सापाला पाण्याबाहेर उभा धरलं तर त्याच्या डोक्याला रक्त पोचेनासं होतं. पाण्यात त्याला कधी ते लागलंच नाही.

रक्त कमी पडलं की मेंदू काय करतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिलं आहे, आणि मांजर, कुत्रा, माकड, माणूस सगळ्यांत क्रम जवळपास सारखाच आहे. जाग्या प्राण्याच्या लहरी बारीक आणि भरभर असतात. रक्त तुटल्यावर पहिले काही सेकंद कागदावर काहीच दिसत नाही. ऊतींत उरलेल्या प्राणवायूवर गाडं चालतं. मग लहरी मंदावतात, उंच होतात, सेकंदाला दोन-तीन, गाढ झोपेतल्यासारख्या. मग दहा-वीस सेकंदांत रेघ सपाट. १९४३ साली अमेरिकेत तरुण स्वयंसेवकांच्या मानेभोवती दाबाचा पट्टा फुगवून मेंदूचं रक्त क्षणभर थांबवलं होतं, तेव्हा साधारण सात सेकंदांत शुद्ध गेली होती. शरीराचा दाब सावरणारी प्रतिक्रिया, म्हणजे गळ्यातल्या धमनीने मेंदूला कळवणं आणि मेंदूने हृदयाला हाकणं, पुरती जोरात यायला सहा ते दहा सेकंद लागतात. शिल्लक प्राणवायू पाचेक सेकंदांचा आणि मदत दहाव्या सेकंदाला. म्हणून जोर हळूहळू चढला तर तोच प्राणी एक जी जास्त सोसतो आणि एकदम चढला तर कोलमडतो.

एक बारीक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली. रक्त कमी पडलं की आधी दिसणं जातं, शुद्ध नंतर. डोळ्याच्या गोळ्यात स्वतःचा पंधरा-वीस मिलिमीटर दाब असतो, तो रक्ताला आत यायला विरोध करतो. कवटीत मात्र मेंदूभोवतीचं पाणीही त्याच जोराने खाली ओढलं जातं, आतला दाब उतरतो, आणि मेंदूच्या शिरा मिटत नाहीत. वैमानिक सांगू शकतो की 'मला अंधारी आली'. मांजर सांगू शकत नाही. तेव्हा मेंदूच्या लहरी मंदावलेल्या दिसतात तोवर त्या प्राण्याची दृष्टी केव्हाच गेलेली असू शकते. मेंदूचा आलेख हा उशिरा पोचणारा साक्षीदार आहे, हे मुलीने लक्षात ठेवावं.

दिशा बदलली की सगळं बदलतं. जोर छातीतून पाठीकडे गेला तर हृदय आणि मेंदू जवळपास एका पातळीवर राहतात, रक्ताला चढच चढावा लागत नाही. म्हणूनच अंतराळवीर उताणे निजून जातात. हॅम नावाचा चिंपांझीही १९६१ च्या जानेवारीत तसाच उताणा बांधून पाठवला होता. परतताना त्याच्यावर १४.७ जी आला. दिवा लागला की कळ दाबायची, असं त्याला शिकवलेलं होतं. उड्डाणात त्याने ती जमिनीवरच्यापेक्षा किंचित उशिरा दाबली, एवढंच. मला विचाराल तर मेंदूबद्दलचा त्या काळातला सगळ्यात भरवशाचा पुरावा हाच. मेंदूत तार घालावी लागली नाही आणि तरी कळलं की दिसतंय, आठवतंय, हात चालतोय.

मोतीकडे येऊ. एक तृतीयांश जी, तोही बाजूचा. रक्ताला त्याने काहीही फरक पडत नाही. मोतीच्या बाबतीत सगळा खेळ कानाचा.

आतल्या कानात दोन इवल्या पिशव्या असतात. त्यांत चिकट पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक पसरलेले असतात, चुन्याच्या रवाळ कणांसारखे. डोकं कललं किंवा गाडीने वेग बदलला की स्फटिक मागे राहतात, पडदा सरकतो, खालच्या केसपेशी वाकतात आणि मेंदूला खबर जाते. त्याच्याच शेजारी तीन अर्धवर्तुळाकार नळ्या वळण्याची खबर देतात. या खबरा आधी मेंदूच्या देठात पोचतात. तिथून काही डोळ्यांना, काही मानेला, काही लहान मेंदूला आणि काही थेट पोटाचं, श्वासाचं, हृदयाचं बघणाऱ्या केंद्रांना. मोती मागच्या सीटवर खाली बसलेला असतो. डोळ्यांना सीट आणि दार दिसतं, ते स्थिर. कान सांगतो, आपण डावीकडे फेकले जातोय, आता उजवीकडे. हे दोन हिशेब जुळत नाहीत, आणि न जुळण्याचा परिणाम पोटावर होतो. सगळ्यात वाईट ती संथ हेलकाव्याची गती, पाच-सहा सेकंदांना एक अशी. जहाज आणि घाटातली गाडी दोन्ही त्याच पट्ट्यात येतात.

हे कानाचंच काम, याची खात्री कशी? १९५० च्या दशकात कुत्र्यांना झोपाळ्यावर झुलवून प्रयोग झाले. ज्यांचे आतले कान काढले होते त्यांना कितीही झुलवलं तरी उलटी झाली नाही. लहान मेंदूचा एक विशिष्ट तुकडा काढला तरीही तेच. उंदराला उलटी होतच नाही, त्याच्या शरीरात ती सोयच नाही. पण गरगर फिरवलं की तो खाणं सोडून चिनी माती खायला लागतो. कान निकामी केला की माती खाणं थांबतं. मुलीला हे प्रयोग क्रूर वाटतील, आणि तिला तसं वाटणं मला योग्यच वाटतं. आज मोतीला आपण जी गोळी देऊ शकतो, तिच्यामागे ते कुत्रे आहेत, हेही तिला सांगा.

कानाची पोच किती खोल आहे याचा मला सगळ्यात जास्त चकित करणारा पुरावा चाकावरच्या उंदरांचा आहे. मोठ्या फिरत्या चाकावर पिंजरे लावून प्राण्यांना आठवडेच्या आठवडे २ जी मध्ये ठेवता येतं. सुरुवातीला उंदीर खाणं कमी करतात, अंगाचं तापमान उतरतं, दिवस-रात्रीची लय बोथट होते. आठवड्याभरात हळूहळू सावरतात. वाटेल की दुप्पट वजनाने बिचारे थकले. पण जन्मतःच कानात ते स्फटिक नसलेल्या उंदरांची एक जात आहे. वजन त्यांचंही दुप्पट होतं, चाक तेच, आणि त्यांचं तापमान मात्र फारच थोडं उतरतं. म्हणजे तापमान आणि झोप-जाग सांभाळणाऱ्या मेंदूच्या तळभागाला कानच हलवत होता. मोती घरी येऊन तासभर का निजतो, याचा धागा इथेच आहे. प्रवासाच्या आजारात उलटीइतकीच ती गुंगीही असते, माणसांतही असते.

आणि हेच हलणं बेताचं असलं तर सुख देतं. आपण बाळाला पाळण्यात घालतो, शेतात काम करणाऱ्या बाया झाडाला झोळी बांधतात. २०१९ साली उंदरांना सेकंदाला एक झोका या गतीने झुलवून पाहिलं. ते लवकर झोपले आणि जास्त वेळ झोपले. ज्यांच्या कानात स्फटिक नव्हते त्यांना त्या झोक्यांचा काही उपयोग झाला नाही. माणसाला मात्र चार सेकंदांना एक असा संथ झोका मानवतो. प्राणी लहान तर झोका भरभर. आजीच्या हाताला हे ठाऊक होतं, असं मला मनापासून वाटतं. तान्ह्याला ती भरभर थोपटते आणि मोठ्या नातवाला सावकाश.

कंपनाची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली, कारण इथे फसायला होतं. कंपन म्हणजेही वेगातला बदलच, फक्त पुढे-मागे आणि भरभर. सावकाश असेल तर कानाला कळतं. सेकंदाला चार ते आठ असेल तर बसलेल्या माणसाचं अख्खं धड त्याच्याशी सूर धरून डोलू लागतं. लहान प्राण्यात हा सूर वरचा. आणखी भरभर, सेकंदाला दोनशे-तीनशे, तिथे कातडीखालच्या आणि पोटातल्या पडद्यातल्या कांद्यासारख्या पापुद्र्यांच्या इंद्रियांचं राज्य. मांजराच्या आतड्याच्या पडद्यात ती नुसत्या डोळ्यांनी दिसतात, साबुदाण्याच्या चुरीएवढी. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा अर्धा तास भिंगातून हललो नव्हतो. एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी थरथरही ती पकडतात.

मेंदूला हे सगळं पोचतं, आणि नुसतं पोचत नाही. मेंदू त्या तालावर चालतो. व्हर्नन माउंटकॅसल या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांच्या बोटाला सेकंदाला तीसेक वेळा हलवलं, तेव्हा मेंदूच्या सालीतल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, पेशी त्याच ठेक्यावर ठिणग्या टाकत होत्या, प्रत्येक हेलकाव्याला एक. तेव्हा कंपन पावणाऱ्या प्राण्याच्या मेंदूच्या आलेखात कंपनाचाच ताल दिसला तर तो खरा असू शकतो. आणि पूर्ण खोटाही असू शकतो.

आमचंच सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्हाला बघायचं होतं, की मालवाहू गाडीतून नेताना कुत्र्याच्या जागेपणावर काय परिणाम होतो. एक जुना डिझेल ट्रक मिळाला. दोन कुत्र्यांच्या टाळूला कातडीखाली सुईसारखे इलेक्ट्रोड लावले, यंत्र ट्रकमध्ये चढवलं. पहिल्याच दिवशी कागदावर देखण्या लहरी आल्या, सेकंदाला नऊ, एकसारख्या. गाडी थांबलेली आणि इंजिन चालू असताना तर फारच सुबक. आम्हाला वाटलं, संथ कंपनाने कुत्रा डोळे मिटून शांत होतोय आणि मेंदू तसा सूर लावतोय. तीन दिवस आम्ही त्या समजुतीत होतो. चौथ्या दिवशी आमच्या तंत्रज्ञाने इंजिनचे फेरे मोजले: मिनिटाला ५४०. भागिले साठ, म्हणजे सेकंदाला नऊ.

मग चोइथराम मंडीतून आणलेला एक मोठा बटाटा कुत्र्याच्या जागी ठेवला. त्याच सुया, त्याच तारा, तोच पट्टा. इंजिन सुरू केलं. बटाट्यालाही सेकंदाला नऊ लहरी. तारा हलत होत्या आणि सुई-कातडी सांध्यावरचा विजेचा भार डचमळत होता. मेंदूचा त्यात काही संबंध नव्हता. त्या दोन कुत्र्यांना आम्ही तीन दिवस विनाकारण त्रास दिला, याचं मला आजही वाईट वाटतं. बटाटा पहिल्या दिवशी ठेवायला हवा होता. त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्राण्याआधी बटाटा बांधावा लागला.

खरं आणि खोटं वेगळं करायचे आणखी दोन उपाय आम्ही वापरू लागलो. एक वेळेचा. पंजाला दिलेला धक्का मज्जातंतूंतून मेंदूच्या सालीपर्यंत पोचायला वेळ लागतो. माणसाच्या मनगटापासून सुमारे वीस मिलिसेकंद, मांजरात त्याहून कमी, पण लागतोच. तारेतला हादरा मात्र त्याच क्षणी कागदावर उमटतो. दुसरा उपाय सवयीचा. जिवंत मेंदू तोच तो हादरा काही मिनिटांत दुर्लक्षू लागतो, लहर खुजी होत जाते. तारेला सवय लागत नाही. शिवाय मानेचे आणि जबड्याचे स्नायू आहेत: हादरणारा प्राणी डोकं सांभाळायला मान ताठ धरतो, आणि त्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी मोठी असते. ती बारीक भरभर लहरींसारखी दिसते, आणि घाईतला माणूस लिहितो, 'प्राणी अत्यंत सावध झाला'.

आता फेलिसेट. १८ ऑक्टोबर १९६३ ला अल्जीरियाच्या वाळवंटातल्या हमागिरहून फ्रान्सने तिला व्हेरोनिक रॉकेटने पाठवलं. चौदा मांजरींना तयार केलं होतं, त्यातून तिची निवड झाली. दीडशे किलोमीटरच्या वर गेली, पाचेक मिनिटं वजनरहित राहिली, सुमारे तेरा मिनिटांत पॅराशूटने जिवंत खाली आली. मेंदूत कायमचे बसवलेले इलेक्ट्रोड होते. दोन महिन्यांनी तिचा मेंदू तपासण्यासाठी तिला मारण्यात आलं. २०१९ मध्ये स्ट्रासबूर्गला तिचा पुतळा उभा राहिला.

त्या नोंदींवर किती विश्वास ठेवावा, असं मुलगी विचारते. मी असा विचार करतो. हाडात पक्के बसवलेले इलेक्ट्रोड आमच्या सुयांपेक्षा खूपच कमी हलतात, ही जमेची बाजू. वजनरहित अवस्थेत इंजिन बंद, हादरे नाहीत. तिथल्या लहरी मी भरवशाने वाचेन. इंजिन जळत असताना आणि खाली येताना वातावरणात शिरल्यावर मात्र जोर, कंपन, आवाज, भीती आणि ताठ मान हे सगळं एकाच वेळी होतं. त्या भागात दिसलेल्या बदलाचं कारण एकच आहे, असं कोणी म्हटलं तर मी मानणार नाही. साडेनऊ जी फार थोडा वेळ होता आणि मांजरात हृदय-मेंदू अंतर कमी. तेव्हा रक्त तुटून तिचा मेंदू बंद पडत आला असेल, हे मला गणितानेच अशक्य वाटतं. ती घाबरली होती, हे मात्र मला सांगायला आलेख लागत नाही.

रशियाने अंतराळात पाठवलेल्या लायका या कुत्रीची नोंदही अशीच वाचावी लागते. ३ नोव्हेंबर १९५७ ला उड्डाणाच्या वेळी तिच्या हृदयाचे ठोके १०३ वरून २४० वर गेले आणि पूर्ववत व्हायला जमिनीवरच्या चाकातल्या सरावापेक्षा तिप्पट वेळ लागला. चाकात जोर तेवढाच होता, तरी ती लवकर सावरायची. म्हणजे हा जादा उशीर जोराचा म्हणता येत नाही. वजनरहितपणा, आवाज, एकटेपणा आणि वाढती उष्णता यांचा तो गुंता असावा, असं माझं मत. ती काही तासांतच उष्णतेने गेली. हे जगाला २००२ साली कळलं.

आज भारतात असा प्रयोग करायचा तर १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीची परवानगी लागते, आणि प्राण्याऐवजी दुसरं काही चालेल का, हे आधी दाखवावं लागतं. गगनयानाच्या तयारीसाठी इस्रोने व्योममित्र ही यंत्रमानवी तयार केली, याचा मला फार आनंद झाला होता. हादरे आणि जी मोजायला तिला भीती वाटावी लागत नाही.

मोतीसाठी काय कराल, ते सांगतो. निघण्याआधी सहा-सात तास पोट रिकामं ठेवा, पाणी मात्र द्या. सीटवर मोकळा सोडू नका. पेटीत किंवा पट्ट्याने बांधून, तोंड पुढच्या दिशेला, गाडीच्या मध्याजवळ. मागच्या चाकांवर हेलकावा सगळ्यात जास्त. काच बोटभर उघडी. सिमरोळला एकदा उतरवून दहा मिनिटं चालवा, मग घाट घ्या, आणि वळणावर ताशी ३० ऐवजी २० ने: जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, तेव्हा तो निम्म्याहूनही कमी होतो. एवढ्याने भागलं नाही तर मारोपिटंट नावाचं कुत्र्यांसाठीचंच औषध आहे, ते तुमच्या डॉक्टरांकडून वजन करून घ्या. घरातली माणसांची उलटीची गोळी देऊ नका. आणि गाडी थांबून चार-पाच तास झाल्यावरही मान एका बाजूला कललेली असेल, डोळ्यांची बुबुळं आपोआप आडवी उडत असतील किंवा चालताना तोल जात असेल तर तो प्रवासाचा त्रास नव्हे. कानाच्या किंवा मेंदूच्या आजारासाठी लगेच दाखवा. गाडी ठोकरली असेल आणि त्यानंतर डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसत असतील तर रात्र असली तरी थांबू नका.

मुलीला प्रकल्प करायचाच असेल तर कुठल्याही प्राण्याला न दुखावता करता येईल. मोबाइलमध्ये त्वरण मोजणारं मोफत ॲप असतं. इंदूर ते बडवाह अशा दोन फेऱ्या करा, एक नेहमीच्या वेगाने, एक सावकाश. एकाने गाडी चालवायची, मुलीने मागे बसून मोती पहिली जांभई केव्हा देतो, ओठ केव्हा चाटतो, लाळ केव्हा सुरू होते ते घड्याळ बघून लिहायचं. नंतर ते आलेखावर मांडा, पाच-सहा सेकंदांचे हेलकावे वेगळे काढा आणि इंजिनची थरथर वेगळी. फोन डॅशबोर्डवर ठेवू नका, मोतीच्या पेटीला पट्टीने घट्ट बांधा. आणि निघण्याआधी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून, मोती गाडीबाहेर असताना, रिकाम्या पेटीची नोंद घ्यायला सांगा.